शनिवारची अंड्यांची भुतं

मुलांनो, जरा कल्पना करा. एका सोसायटीचा हॉल आहे, मधोमध टेबल आहे आणि टेबलावर एक अख्खा लाल भोपळा बसला आहे. भोपळ्याशेजारी लांब पात्याची सुरी आहे. भोवती सहा बायका उभ्या आहेत. त्यातली एक दातांची डॉक्टर आहे, एक बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, एकीने परदेशात जाऊन कसलीशी पदवी आणली आहे. आणि या सहाजणींपैकी एकही सुरीला हात लावत नाही. का, ते ओळखा बघू.

नाही ना ओळखता आलं? मलाही नव्हतं आलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. शेवटी राहवेना म्हणून म्हटलं, “कापा की! संध्याकाळपर्यंत काय त्याच्या तोंडाकडे बघत बसणार?”

“चौबळ आजी, अख्खा भोपळा बाईने कापायचा नसतो,” ठोसर मॅडम म्हणाल्या. “पहिला घाव पुरुषाचा लागतो. माझ्या सासूबाईंचं फार कडक आहे.”

“आणि हा भोपळा कशासाठी आणलाय, ते सांगितलंत का सासूबाईंना?”

“भाजीसाठी म्हणून सांगितलंय.”

मग खालून वॉचमनला बोलावणं गेलं. तो बिचारा धावत आला, काय झालं म्हणून घाबरला, त्याच्या हातात सुरी दिली, त्याने भोपळ्यात एकदा खुपसली, सलाम केला आणि गेला. त्यानंतर त्या सहाजणींनी हसतखेळत त्या भोपळ्याला भुताचे डोळे कोरले, भुताचं नाक कोरलं आणि भुताचे दात कोरले. त्याला सासूबाईंची हरकत नव्हती.

ही बरीच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ठाण्याला मी तेव्हा नुकतीच राहायला गेले होते. सोसायटीला एका फुलाचं नाव होतं, आणि ते फूल आपल्याकडे उगवत नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलेलं, निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना, म्हणून शनिवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना माझ्या स्वयंपाकघरात घ्यायची. कणीक भिजव, काकडी चोचव, दूध उतू न जाऊ देता तापव, असलं काहीबाही. मुलं शिकायची. त्यांच्या आया दारातून डोकावून म्हणायच्या, “वॉव, सो क्यूट!” आणि निघून जायच्या.

ठोसर मॅडम सोसायटीच्या सांस्कृतिक सचिव होत्या. त्या वर्षी त्या अमेरिकेत भावाकडे जाऊन आल्या होत्या आणि येताना एक बॅग भरून प्लॅस्टिकचे सांगाडे, हात, कोळी आणि कवट्या घेऊन आल्या होत्या. माणसं परदेशातून चॉकलेटं आणतात, या हाडं घेऊन आल्या. आता एवढी हाडं आणल्यावर ती वापरायला नकोत? म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोवीन ठरलं. मुलांनी भुतांचे कपडे घालायचे, प्रत्येक घराने एकेक भयानक दिसणारा पदार्थ आणायचा, आणि लॉनवर एक खोटी दफनभूमी उभी करायची.

मीटिंगमध्ये लेले काका म्हणाले, “हा आपला सण नाही. ख्रिश्चनांचा आहे.”

“मग ख्रिश्चनांना बोलावू!” ठोसर मॅडम म्हणाल्या. “सी विंगमध्ये डाबरे आलेत ना! त्यांच्याच हस्ते उद्घाटन करू. सर्वधर्मसमभाव पण होईल.”

लेले काकांना सर्वधर्मसमभावापुढे काही बोलता येईना. ते म्हणाले, “मग निदान नारळ तरी फोडा.”

“ऑफ कोर्स,” ठोसर मॅडम म्हणाल्या.

मुलांनो, डाबरे म्हणजे वसईची माणसं. वसईकडची ख्रिस्ती मंडळी घरात मराठी बोलतात, चर्चला देऊळ म्हणतात आणि देवळातल्या प्रार्थनाही मराठीत म्हणतात. इग्नेशियस डाबरे एका औषधांच्या गोदामात कामाला होते, बायको रोझलीन नर्स होती. घर भाड्याचं, अकरा महिन्यांच्या कराराचं. करार पुढे वाढवायचा तर सोसायटीची सही लागे, आणि सोसायटी म्हणजे ठोसर मॅडमचे मिस्टर. त्यामुळे डाबरे लिफ्टमध्ये नेहमी सगळ्यांत मागे उभे राहत आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडत.

त्यांची मुलगी ग्रेशल. नऊ वर्षांची, लांब वेण्या, बोलताना आधी समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघून घ्यायची. जूनपासून ती खाली खेळायला येत होती आणि जूनपासून ती कच्चं लिंबू होती. तुम्हाला माहीत आहे ना कच्चं लिंबू? खेळात असतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, ते आऊट झालं तरी कोणी मोजत नाही. धाकट्या भावंडांना असं घेतात. ग्रेशलला कोणी वाईट वागवलं नाही हो, नुसतं मोजलं नाही. मी गॅलरीतून बघायची. मुलं पळायची आणि ही त्यांच्या मागे पळायची, आणि कोणीच तिला पकडायचं नाही.

तर त्या मीटिंगनंतर दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये मी, ठोसर मॅडम, त्यांची मुलगी कैरवी, डाबरे आणि ग्रेशल, असे सगळे एकत्र आलो. ठोसर मॅडमचा चेहरा उजळला.

“हाय मिस्टर डाबरे! यू मस्ट बी सो एक्सायटेड!”

डाबरे दचकले. “कशाबद्दल म्हणता, मॅडम?”

“हॅलोवीन! युवर फेस्टिव्हल! वुई वॉन्ट यू टु बी द चीफ गेस्ट!”

“आमच्यात तसं काही करत नाहीत, मॅडम. म्हणजे, आमच्या गावाकडे तरी कोणी...”

“ओह, डोन्ट बी मॉडेस्ट!” माणूस मराठीत बोलत होता आणि बाई इंग्रजीत उत्तरं देत होत्या, कारण त्याचं नाव इग्नेशियस होतं. मग त्या ग्रेशलकडे वाकल्या. “व्हॉट डू यू मेक, बेटा? एव्हरी इयर? समथिंग स्पेशल?”

ग्रेशलने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कैरवीकडे पाहिलं. कैरवी म्हणजे खाली खेळणाऱ्या टोळीची म्होरकी. कोण कच्चं लिंबू आणि कोण नाही, हे तीच ठरवायची. ती पहिल्यांदाच ग्रेशलकडे नीट बघत होती.

“हो,” ग्रेशल म्हणाली. “आम्ही दरवर्षी अंड्यांची भुतं करतो.”

“खरं?” कैरवी म्हणाली. “खरी भुतं?”

“डोळे पण असतात त्यांना. आणि कोळी पण.”

डाबऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. ठोसर मॅडम “फॅब्युलस, फॅब्युलस” करत बाहेर पडल्या आणि कैरवी जाता जाता म्हणाली, “ग्रेशल, खाली येतेस?”

त्या संध्याकाळी ग्रेशलवर राज्य आलं. तुम्हाला राज्य आलं की तुम्ही तोंड वाकडं करता. ती मुलगी राज्य आलं म्हणून हसत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर टकटक.

“आजी, अंड्यांची भुतं कशी करतात?”

“तुम्ही दरवर्षी करता ना?”

ती पायाच्या अंगठ्याने पायपुसणं उकरत राहिली.

“आईला माहीत आहे?”

“आईची नाईट चालू आहे. पप्पा म्हणाले, बोललीस ना, आता कर. पण त्यांना पण येत नाहीत.”

“ये आत,” मी म्हटलं. “थाप तू मारलीस, ती निस्तरायची तू. अंडी मी शिकवते. त्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नकोस.”

आता तुम्हीही शिकून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल. उकडायला अगदी आजची अंडी घेऊ नयेत, त्यांचं साल नीट सुटत नाही, पांढरं ओरबाडून निघतं. चार-पाच दिवसांची बरी. मी हे सांगायला लागले तर ग्रेशलने पातेल्यात पाणी घेतलं, एकेक अंडं त्यात सोडलं आणि बघत राहिली.

“हे आडवं पडलं, म्हणजे ताजं,” ती म्हणाली. “हे जरा उभं राहतंय, हे जुनं. हे उकडायला घेऊ.”

“कोणी शिकवलं?”

“आजोबांनी. आमच्या वाडीत कोंबड्या होत्या. आजोबा रोज सकाळी अंडी काढायचे, मला बरोबर न्यायचे.” मग म्हणाली, “मे महिन्यात गेले ते.”

मी तिच्या हातात पुढचं अंडं दिलं.

अंडी उकडली. मग साल न काढता चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने सगळीकडून तडकवली. बीट किसून उकळलं, त्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं आणि तडकलेली अंडी त्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी ग्रेशलने पहिलं अंडं सोललं आणि किंचाळलीच. पांढऱ्यावर लाल रेघांचं जाळं उमटलं होतं, अगदी कोळ्याने विणल्यासारखं. काही अंडी अर्धी कापली, आतलं पिवळं काढून त्यात हिरवी मिरची, मीठ, लिंबू आणि साय घालून मळलं, परत भरलं. काळ्या मनुकांचे कोळी केले, वांग्याच्या तळलेल्या सालीचे पाय लावले. उरलेल्या अख्ख्या अंड्यांची बुडं थोडी कापून सपाट केली, ती छान उभी राहिली. त्यांना मिऱ्यांचे डोळे बसवले. एका भुताला तिने गाजराची जीभ दिली.

“हे कोण?” मी विचारलं.

“हे लेले काका,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

मधल्या काळात टोळीतली मुलं दोन-दोनदा येऊन डोकावून गेली. ग्रेशल त्यांना आत येऊ देईना. “हे सीक्रेट असतं,” ती म्हणायची. “आमच्यात आदल्या दिवशी कोणाला दाखवत नाहीत.” एकेक नियम ती तिथल्या तिथे तयार करत होती. भुतांना पाठ दाखवायची नाही. कोळी आधी खायचा. मुलं तोंडाचा आ करून ऐकत. मी बीट किसत होते आणि मनात म्हणत होते, या मुलीला उद्या सांस्कृतिक सचिव करायला हरकत नाही.

शुक्रवारी रात्री ठोसर मॅडम स्वतः आल्या, अंडी बघायला. बघून खूश झाल्या. मग त्यांना आठवण झाली.

“अहो पण आजी, उद्या शनिवार आहे.”

“मग?”

“शनिवारी अंडं कोण खाणार? अर्धी सोसायटी शनिवार पाळते. मारुतीचा वार ना!”

“मारुतीच्या वारी भुतं नाचवलेली चालतात?”

“ते नुसतं फन आहे हो. अंडं म्हणजे अंडं.” त्यांनी विचार केला. “असं करू, खायला पनीरची भुतं ठेवू. तिथे केटरर आहेच. आणि ही अंडी डेकोरेशनला. कबरींवर मांडू. कोणी हात लावायचा नाही, म्हणजे प्रश्नच नाही.”

ग्रेशल त्यांच्याकडे बघत होती. दोन दिवस खपून केलेल्या अंड्यांना कोणी खाणार नाही, हे तिने गिळलं. खाली खेळायला मिळतंय ना, मग बास, असा तिचा हिशेब असावा.

जाताना दारात डाबरे भेटले, लेकीला न्यायला आले होते. ठोसर मॅडम थांबल्या.

“मिस्टर डाबरे, वन रिक्वेस्ट. डू यू हॅव अ क्रॉस ॲट होम? रिअल वन? फॉर डेकोरेशन. थर्माकोलचे फार खोटे दिसतायत.”

डाबऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“तो डेकोरेशनचा नसतो, मॅडम.”

“नो नो, वुई विल रिटर्न इट! जपून वापरू.”

“बघतो,” डाबरे म्हणाले. त्यांनी लेकीचा हात धरला आणि जिन्याने खाली गेले. लिफ्ट समोर उभी होती.

क्रॉस काही त्यांनी पाठवला नाही.

आणि आला शनिवार. लॉनवर काय शोभा होती म्हणून सांगू! कमानीला आंब्याच्या पानांचं तोरण आणि त्या तोरणाच्या मधोमध लटकणारा सांगाडा. एका बाजूला थर्माकोलच्या कबरी, त्यांच्यावर कापसाची जाळी, जमिनीतून वर आलेले प्लॅस्टिकचे हात. मुलांनी कबरींवर नावं रंगवली होती. एका कबरीवर “होमवर्क” लिहिलेलं, एकीवर गणिताच्या सरांचं नाव. मोठी माणसं वाचून हसत होती. समोर चौरंगावर भोपळा बसवलेला, त्याच्या पोटात लुकलुकणारा दिवा आणि कपाळाला हळदकुंकू. शेजारी समई. लेले काकांनी मुहूर्त काढला होता. भुतांच्या पार्टीचा मुहूर्त! मी खुर्चीत बसून बघत होते आणि माझी मला खात्री पटत होती की खरी भुतं कुठे असतील तर ती हे बघून पळून गेली असतील.

डाबऱ्यांच्या हस्ते समई लागली. नारळ फुटला. ठोसर मॅडमच्या मिस्टरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं. डाबरे भोपळ्याकडे तोंड करून उभे होते. एका हाताने शाल घसरू नये म्हणून धरलेली, दुसऱ्या हातात नारळ. रोझलीन ड्युटीवर होती. बरं झालं ती ड्युटीवर होती.

“नाउ,” ठोसर मॅडम माइकवर म्हणाल्या, “डाबऱ्यांची ग्रेशल आपल्याला त्यांची ट्रॅडिशन सांगणार आहे! अंड्यांच्या भुतांची! कम, बेटा!”

ग्रेशल अंड्यांचं ताट घेऊन आली. पांढरा झगा, वेण्यांना काळ्या फिती. टोळी तिच्या मागे मागे, सगळ्यात पुढे कैरवी. टाळ्या पडल्या. त्या क्षणी त्या लॉनवर ग्रेशलइतकं महत्त्वाचं कोणीच नव्हतं. तिलाही ते कळत होतं. तिचं तोंड असं फुललं होतं की बघत राहावं.

“इथे ठेव,” कैरवी तिला ओढत म्हणाली. “सगळ्यात मोठ्या कबरीवर. ही मी केलीय. तुझ्यासाठी! सरप्राइज!”

ती कबर खरंच सगळ्यात मोठी होती. वर क्रॉस होता, चंदेरी कागद लावलेला. मधून एक प्लॅस्टिकचा हात वर आला होता, लांब नखांचा, रक्त लावलेला. आणि कैरवीने जीव ओतून, एकेक अक्षर काढून, खाली फुलंसुद्धा रंगवून लिहिलं होतं: जोकीम डाबरे.

“बाकीच्यांची सगळी खोटी नावं आहेत,” कैरवी म्हणाली. “तुझे आजोबा खरंच गेलेत ना? परवा तू नाव सांगितलंस, तेव्हा मी ठरवलं. आता आपलीच कबर सगळ्यात खरी!”

मुलांनो, कैरवीवर रागावू नका. त्या सगळ्या गर्दीत तिने एकटीने कोणासाठी तरी काहीतरी मनापासून केलं होतं. कबर म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या आईने तिला थर्माकोल आणि रंग दिले होते.

ग्रेशलने ताट ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा ते तिच्या हातातून कबरीवर टेकलं. ती नावाकडे बघत राहिली.

डाबऱ्यांनीही ते वाचलं.

ते काही बोलले नाहीत. करार होता, घर होतं, खांद्यावर शाल होती. फक्त त्यांनी नारळ डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने कपाळाला, छातीला, एका खांद्याला, दुसऱ्या खांद्याला स्पर्श केला. वडिलांचं नाव दिसलं आणि हात आपोआप गेला. मान खाली गेली.

“बघा, बघा!” ठोसर मॅडम माइकवर ओरडल्या. “हे त्यांचं ऑथेंटिक! सगळ्यांनी करू या! टाळ्या!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी हात कपाळाला, छातीला लावून बघितले, कोणता खांदा आधी यावरून हसले. कोणीतरी म्हणालं, “मिस्टर डाबरे, वन मोअर टाइम प्लीज, फोटोसाठी.”

मी उठले. पण म्हातारं माणूस उठेपर्यंत जगात बरंच काही होऊन जातं. मी पोहोचायच्या आत ठोसर मॅडमनी माइक ग्रेशलच्या तोंडापुढे धरला होता.

“बोल बेटा. दरवर्षी काय काय करता?”

ग्रेशलने आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या टोळीकडे. सगळे वाट बघत होते. भुतांना पाठ दाखवायची नाही, कोळी आधी खायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांना फक्त ते माइकवर ऐकायचं होतं. तिने ते सांगितलं असतं तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. उद्या खाली तिच्यावर राज्य आलं असतं, परवाही आलं असतं.

“आमच्याकडे हे नसतं,” ती म्हणाली.

माइकमधून आवाज मोठा झाला, तशी ती जरा दचकली. पण थांबली नाही.

“आम्ही अंड्यांची भुतं करत नाही. कधीच केली नाहीत. मी थाप मारली होती. मला चौबळ आजींनी शिकवलं.”

टोळीतल्या एका मुलाने मुखवटा वर सरकवून दुसऱ्याला विचारलं, “म्हणजे कोळ्याचं पण खोटं?”

“सो स्वीट!” ठोसर मॅडम म्हणाल्या. “लाजतेय ती! स्टेज फिअर! टाळ्या वाजवा हं तिच्यासाठी!”

पुन्हा टाळ्या. मुलांनो, मी आयुष्यात खूप टाळ्या ऐकल्या आहेत, शाळेत काम केलं आहे मी. पण समोरचं माणूस काय म्हणालं ते ऐकू येऊ नये म्हणून वाजवलेल्या टाळ्या त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या.

माइक गेला, गाणं लागलं. भोपळ्याभोवती फेर धरायचं ठरलेलं होतं, फेर सुरू झाला. ठोसर मॅडम आधीच तिकडे धावल्या होत्या. टोळीतली मुलंही हळूहळू पांगली, एकेक जण मागे बघत, जसं खोटं पडलेल्या माणसाकडे बघतात तसं. ज्या जागेसाठी तिने ते सगळे नियम रचले होते, ती जागा पुसली गेली होती. तिला ते दिसत होतं. मलाही दिसत होतं.

डाबरे पुढे आले. “चल, ग्रेशल,” ते हळूच म्हणाले. “घरी जाऊ.”

“थांबा, पप्पा.”

तिने अंड्यांचं ताट कबरीवरून उचललं आणि माझ्या हातात दिलं. मग ती गुडघ्यांवर बसली. तो नखांचा हात दोन्ही हातांनी धरून उपसला आणि बाजूला ठेवला. कापसाची जाळी काढायला लागली. जाळी चिकट होती, बोटांना गुंडाळत होती. ती झग्याला बोटं पुसे आणि पुन्हा काढे. प्लॅस्टिकचे कोळी एकेक करून वेचले. मग नावावर पडलेला थर्माकोलचा चुरा तळहाताने झाडला, अक्षराच्या वळणावळणाने, आजोबांच्या तोंडावरून हात फिरवावा तसा.

डाबरे उभे राहून बघत होते. त्यांनी शाल काढून घडी केली. ते तिला थांबवायला गेले नाहीत.

फेरातून कैरवी आली. धापा टाकत होती, चेहऱ्यावर रंगवलेलं रक्त घामाने गालावर पसरलं होतं. तिला काहीतरी चुकलंय हे कळलं होतं, काय चुकलंय ते कळत नव्हतं.

“तुला नाही आवडली?” ती म्हणाली. “मी फुलं पण काढली होती.”

“फुलं असू देत,” ग्रेशल म्हणाली. हात चालूच होते. “फुलं असतात.”

“मग हे काय करतेयस?”

“साफ करतेय. आपलं माणूस असलं की आधी साफ करायचं असतं. परवा मृतांचा दिवस आहे, आम्ही वसईला जाणार आहोत. तिथे सगळेच करतात. गवत उपटतात, धुतात, मग फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मग सगळे उभे राहतात आणि फादर नावं वाचतात. आजोबांचं नाव या वर्षी पहिल्यांदा वाचणार.”

कैरवीने नावाकडे पाहिलं. तिने स्वतःच्या हाताने काढलेली ती अक्षरं ती जणू आत्ता पहिल्यांदा वाचत होती. गाण्याच्या आवाजात पलीकडून ठोसर मॅडमची हाक आली, “कैरवी! डेकोरेशनला हात नाही लावायचा! ड्रेस खराब होईल! ये इकडे!”

कैरवी गेली नाही. उभीच राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. बसू का, असं विचारायचं तिच्या तोंडात आलं असावं, पण आजवर खेळात कोणाला घ्यायचं हे तिनेच ठरवलेलं. विचारायची तिला सवय नव्हती.

ग्रेशलने मान वर करून तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग ती गुडघ्यांवरच थोडी पलीकडे सरकली आणि तिच्यासाठी शेजारी जागा केली.